लाइन क्लिअर

या रुळांवरच्या स्टेशनांना नावं नाहीत.
वादी हल्फापासून नुसते आकडे: एक, दोन, तीन.
नावं ठेवायला शेजारी लागतात,
इथे तेही नाहीत.

स्लीपरांवरून सायकल चालवू नये.
पहिल्या दिवशी चालवली.
दात, मणका, हँडलची घंटी
सगळं एका सुरात थडथडत राहिलं,
आणि दोन स्लीपरांमधलं अंतर
माझ्या चाकाला कधी पटलंच नाही.
मग खडीच्या कडेला उतरले.
टायरमधली निम्मी हवा सोडली
की वाळू जरा समजूतदार होते.
जरा म्हणजे शंभरेक पायडल.
पुढे ढकलायचं.
पाठीशी उत्तरेचा वारा, सकाळी अकरा लिटर पाणी,
दुपारी सात.

सहा नंबरला तिजानी भेटला.
विहिरीचं पाणी मचूळ,
चहा मात्र असा गोड की चमचा उभा राहावा.
त्याची बायको हाजा निअमत
माझ्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळत म्हणाली,
नवरा कुठाय?
माझं अरबी पन्नास शब्दांचं. त्यातून जमवलं:
घरी. त्याला ऊन सोसत नाही.
ती इतकी हसली की शेळ्या बिचकल्या.

तिजानीने रजिस्टर उघडलं.
शेवटची गाडी एकोणीस दिवसांपूर्वीची.
तिच्याखाली रेघ मारून त्याने मला लिहिलं.
इंजिन: एक.
मागच्या पिशव्या बोटाने मोजून, डबे: दोन.
माल: खजूर, पंक्चरचं सामान.
उशीर, या रकान्यापाशी थांबला,
माझे ओठ पाहिले, सोललेलं नाक पाहिलं,
आणि शून्य लिहिलं.

मग भिंतीवरचं पितळी टोकन काढलं,
तळहाताएवढं, कडा झिजलेल्या.
“हे तुझ्याकडे आहे तोवर
या तुकड्यात दुसरी गाडी यायची नाही.
सातला सिद्दीगकडे दे.
टेबलावर ठेवू नकोस. हातात दे.”

सातला दाराशी वाळू कमरेइतकी.
खिडकीत चहाचा पेला,
त्यातही वाळू, बेताने ओतल्यासारखी.
हाका मारल्या.
आवाज रुळांच्या कडेकडेने लांब गेला,
परतला नाही.
रात्री फलाटावरच पडले.
रूळ निवताना टकटक करतात.
दर वेळी वाटलं, आला.

आठच्या अलीकडे सोनं शोधणारी पोरं,
तिघं, एक पिकअप, जमिनीवर फिरवायचं यंत्र.
ते माझ्या पिशवीपाशी आलं आणि किंचाळलं.
हसत हसत उपसलं सगळं:
चेनचं तेल, एकटा मोजा, टोकन.
हसू तिथेच थांबलं.
अवदल्ला नावाचा पोरगा म्हणाला,
सिद्दीग माझ्या आईचा चुलता.
चार वर्षं झाली.

“तिजानीला माहीत नाही?”

“खड्डा त्यानेच खणला.”

मी टोकन पुढे केलं. घे, तू घरचा.
त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले,
तापल्या तव्यापाशी मूल नेतं तसे.
“सिद्दीगच्या हातात म्हणाला ना?”

अबू हमदला नदी आली, टोमॅटो आले, भांडणं आली.
सायकल विकली तिथेच, चेनमधल्या वाळूसकट.
टोकन इथे किल्ल्यांच्या खुंटीवर आहे.
पाहुणे हातात घेतात, विचारतात कसलं हे.
पेपरवेट, म्हणते मी.

नियमाने पाहिलं तर
सहा आणि सातच्या मधे अजून मीच आहे.
गाड्या गेल्याही असतील, अंगावरून.
पण तिजानी दिवेलागणीला रजिस्टर उघडत असेल,
पोचल्याच्या वेळेचा रकाना कोरा बघून
चष्मा पुसत असेल,
आणि शेजारचं ते शून्य
खोडत नसेल.