मुरगाव, अंदाजे

सकाळी नऊ वाजता पडद्यावर
मार्गारिडा जहाज सड्याच्या डोंगरावर उभं आहे.
पाण्याच्या टाकीशेजारी, जिथं दुपारी म्हशी बसतात.
हिरवा त्रिकोण, नाक दक्षिणेला, वेग शून्य.
लवू म्हणतो, चढलं असेल चुकून.
मला हसू येत नाही.
खारीवाड्यावरच्या आमच्या खिडकीतून बंदराचं तोंड दिसतं,
आणि तिथं दोन बार्जी, एक ट्रॉलर,
बाकी नुसतं पाणी.

तिच्या पोटात बिसावचा कच्चा काजू,
नऊ कंटेनर, टरफलासकट.
डिचोलीहून सत्यवतीबाईंचा तिसरा फोन:
चाळीस बायकांना सोमवारी बोलावू की नको, तेवढं सांग.
एक दिवस रिकाम्या बसल्या तर मजुरी मी देईन गं,
पण दुसऱ्यांदा बोलावल्यावर येतील का त्या?

कंपनीची साइट म्हणते, जहाज काल पोचलं.
एजंटाचा ईमेल म्हणतो, परवा,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात: बदलू शकतं.
तिसरा पडदा वर्षाचे पैसे घेऊन सांगतो, मुक्काम कोलंबो.
कोलंबो!
तो रकाना जहाजावरचं कुणीतरी पोर हातानं भरतं.
मागच्या फेरीचं नाव पुसायचं राहिलं असेल,
आपण नाही का फेब्रुवारी उजाडला तरी
चेकवर जुनंच साल लिहीत.

गेल्या वर्षी तिघं एकच बोलले म्हणून मी मान डोलावली.
मागाहून कळलं, तिघांच्या घागरी वेगळ्या,
विहीर एक.
अकरा दिवसांचं डेमरेज भरलं आम्ही,
आणि शेठनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

तेव्हापासून मी कायतानच्या वहीवर चालते.
हेडलँड सड्याला बल्कांवावर बसतो तो,
तीस वर्षं सिग्नलच्या खोलीत होता, सवय सुटली नाही.
वेळ, फनेलचा रंग, जहाज किती बुडालंय,
निळ्या शाईत, तिरकं.
आणि धुकट दिवशी दोनच शब्द: दिसलें ना.
कधी पानभर दिसलें ना, दिसलें ना.
पडद्याला हे जमत नाही.
तो जहाज डोंगरावर नेऊन ठेवेल,
पण जागा रिकामी सोडणार नाही.

दुपारी लवूच्या स्कूटरवरून चढ चढून गेले.
कायताननं वही पुढं केली, पण मिटलेली.
म्हणाला, जुलैपासूनचं घेऊ नकोस, बाय.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे.
परवा मी फनेल तांबडं लिहिलं,
पोरगी म्हणाली, पपा, निळं.
मग त्यानं मला सोलकढी दिली
आणि समुद्राकडे पाठ करून बसला.

ऑगस्टात त्याच्या वहीवरून मी दोन निरोप पाठवले होते.
दोन्ही खरे निघाले.
ते मी त्याला सांगितलं नाही.
नशिबानं निघाले, हे मी लवूलाही सांगितलं नाही.

उतारावर लवूला विचारलं,
ह्या जहाजापायी कुणाचा जीव टांगणीला लागतो रे, खराखुरा?
तो म्हणाला, पायलटाचा.
हलत्या दोरशिडीवर पाय त्याला ठेवायचा असतो,
तो वेळ बघूनच होडीत बसतो.

पायलटांची यादी साडेपाचला लागते.

डिचोलीला फोन लावला.
बाई, आत्ता मला माहीत नाही.
पलीकडे पंखा घरघरत होता,
कुणीतरी टोपली जमिनीवर आपटली.
सहाला सांगते, म्हटलं.
सहा म्हणजे सहा?
सहा म्हणजे सहाच, मी म्हणाले,
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
जे चार मिनिटं पुढं आहे,
की पाच.