कोणत्या महिन्यात?

घटक चाचणीत प्रश्न होता:
एक तलाव चाळीस मीटर लांब,
पंचवीस मीटर रुंद, दोन मीटर खोल.
तर तलावात पाणी किती?

एकतीस पोरांनी गुणाकार केला.
काही हातचा विसरले,
एकाने उत्तर रुपयांत लिहिलं.
टिकेश मारबतेने फक्त लिहिलं:
कोणत्या महिन्यात?

मी लाल पेनाने भोपळा दिला.
मोठा, गोल, वेलीसकट.

पारडी नाक्याच्या आत आमची मनपाची शाळा.
भिंतीवर जलचक्राचं चित्र,
निळे बाण वर, निळे बाण खाली,
समुद्र आहे, बर्फाचा डोंगर आहे,
पारडी नाही.

मधल्या सुट्टीत विचारलं, हे काय रे?
म्हणाला, "मॅडम, आखाडात वेल लावतो तवा
बाबाच्या कमरेले पाणी रायते.
पोळ्याले छातीले.
दिवाळीत शिंगाडे तोडाले उतरलो का पुन्हा कमरेले.
अन् होळीनंतर तं तिथं आमी क्रिकेट खेळतो.
आता तुमीच सांगा, कोनतं धरू?"

माझ्या हातात उत्तरसूची होती.
तिच्यात दोन हजार घनमीटर होते.
महिना नव्हता.

कार्तिकातल्या एका शनिवारी
सगळा वर्ग तलावावर नेला.
दोन-दोनची रांग, कळमन्याकडे निघालेले
मिरचीचे ट्रक, आणि रांगभर शिंका.

टिकेशचे वडील पाण्यात होते,
शेजारी ट्यूबवर तरंगती टोपली.
मला पाहून हात थांबले:
"पोट्ट्यानं काई केलं का, मॅडम?"
प्रश्न विचारला त्याने, मी म्हटलं.
"मारा मंग," ते म्हणाले.

मग बांधापासून मधोमध चालायला लावलं त्यांना.
काठावरून पोरं ओरडत होती:
घोटा! गुडघा! मांडी! कंबर!
फिरदौस आलेखाच्या कागदावर टिंबं मांडत होती.
छातीशी आल्यावर ते थबकले.
"याच्या फुडं नाई जमत.
बुडाशी दोन वर्साचे गनपती हायेत.
पाय कापते."

टिंबं जोडली. तलावाचा तळ
पुस्तकातल्यासारखा सपाट नव्हता,
कुणीतरी झोपेत चादर ओढावी तसा होता,
आणि मधे एक तुटलेली जागा,
जिथे फिरदौसने पेन्सिल उचलली.

देवकाबाईंनी पातेलंभर शिंगाडे उकडून ठेवले होते.
पैसे घेतले नाहीत. मलाच शिकवलं:
याचं फूल पाण्यावर उमलते, मॅडम,
मंग मान मोडून खाली जाते,
फळ धरते ते पाण्यात.
काळ्या झालेल्या बोटांनी
त्यांनी ती मान करून दाखवली.
मी अकरा वर्षं परागीभवन शिकवते.
जास्वंदीवर. दरवर्षी तीच जास्वंद.

सोमवारी खिशांना भोकं पडल्याच्या तक्रारी आल्या.
केंद्रावरून तक्ता आला:
वापरलेलं साहित्य, झालेला खर्च, परत केल्याची तारीख.
मी लिहिलं: तलाव, एक.
मारबते, एक, छातीपर्यंत.
खर्च निरंक.
तारखेचा रकाना कोराच आहे.

टिकेशचा भोपळा मी खोडला.
पण खोटं कशाला सांगू,
परवा त्याने पंचवीस चोक नव्वद लिहिलं.
उभा केला, तर छताकडे पाहत राहिला.
मी म्हटलं, बाबा रे,
इथे महिना विचारून चालत नाही.