पान तीन

सावर्ड्याच्या बंद पडलेल्या खनिज-प्लॉटवर
लाल धूळ, चौतीस शंकू, एक स्टॉपवॉच.
माझ्याकडे खडू आणि नियमांची पाच पानं.

पान तीन: मागची सीट काढलेली असेल
तर गाडी 'सुधारित'.
म्हणून दुर्गेश वेळीपची एट हंड्रेड
मी टर्बोवाल्यांच्या रांगेत लावली.
सीट त्यानं काढली होती नारळांसाठी.
ती आता घरी सोप्यावर असते,
दुपारी बाप तिच्यावरच आडवा होतो.

ब्रागांझाच्या पोराची गाडी कंपनीतून आली तशीच,
फक्त टायर नवे
(टायरबद्दल पानं गप्प आहेत),
एकेक टायर वेळीपच्या अख्ख्या इंजिनाच्या भावाचा.
काचेवर मी लिहिलं: 'मूळ'.

वेळीप भांडला नाही. एवढंच म्हणाला,
"वजनाचाच प्रश्न असेल तर
बापायला बसवू मागे?"
मी हसलो. मग हसू घशातच राहिलं.

अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन. एक शंकू आडवा.
त्याच्या वर्गात शेवटचा.
परतताना कदंबच्या खिडकीशी
मी पुन्हा बेरीज मांडली:
दंडाचे दोन सेकंद धरूनही
त्या दुसऱ्या वर्गात दुसरा.

पान तीन मीच लिहिलं होतं,
चवथीच्या आधी, घाईत,
कुणाचीच गाडी डोळ्यांसमोर न आणता.