हॉलिस स्ट्रीटचं फाटक

मालगाडी उभी आहे
सकाळी सात चाळीसपासून.
मी डबे मोजत होतो, एकशे बारापर्यंत मोजले,
मग नाद सोडला.
इंजिन दुसऱ्याच काउंटीत पोचलं असेल,
आणि कंपनीचं मुख्यालय तिसऱ्याच राज्यात,
जिथे फोन उचलणारी बाई
फार गोड बोलते.

आमची एकोणीस नंबर रांगेत दुसरी.
लोरीन टॅकेटने इंजिन बंद केलंय,
थर्मासचं झाकण काढलंय.
बसमध्ये आम्ही पाच जण:
डायलिसिसला निघालेली ओफेलिया बारिएन्तोस,
मांडीवर लोकर, घड्याळाकडे न बघण्याची सवय झालेली;
कोंबड्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
तोंड उघडं टाकून झोपलेले दोघे;
सॅक्सोफोनची पेटी छातीशी धरून एक मुलगा;
आणि मी, वय एक्कावन्न,
फिट येतात म्हणून
ज्याच्या हातातलं स्टिअरिंग राज्य सरकारने काढून घेतलं.

माझ्या पाकिटात कार्ड आहे.
फोटो, पत्ता, उंची, डोळ्यांचा रंग,
आणि ठळक अक्षरांत : हा वाहन परवाना नव्हे.
माणूस काय आहे ते छापायला जागा पुरत नसेल,
म्हणून काय नाही तेवढंच छापतात.
बीअर घेताना काउंटरवरची पोरगी
ते उजेडात धरते, उलटसुलट करते,
आणि मला विचारते, तुम्हाला न्यायला कोणी येणार आहे का?

बसच्या पुढे ती पांढरी गाडी.
डोक्यावर भिंगरी, आत कोणी नाही.
सहा महिन्यांची चाचणी, मेयरने फीत कापली,
हायस्कूलचा बँड वाजला.
ती वैतागत नाही, हॉर्न देत नाही,
सिगारेट ओढायला खाली उतरत नाही.
रिकामीच फिरते दिवसभर.
नोव्हेंबरात बससाठी अर्ध्या सेंटचा कर
दोनशे बारा मतांनी पडला,
कारण बस रिकामी धावते म्हणे.

बसच्या मागे वेंडेल क्रेब्सचा पिकअप.
त्याच्या अंगणात पाटी होती : रिकाम्या बसला माझा पैसा नको.
अजून आहे. गवत तिच्याभोवती वळसा घालून कापतो.
हाच वेंडेल फेब्रुवारीत न सांगता येऊन
माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसून गेला.
आभार मानले तर म्हणाला, फावडं हातात होतंच.
मी दोन्ही वेंडेल एका वजाबाकीत बसवून बघितले.
हातचा काहीतरी राहतोच.

आठ वाजून दोन मिनिटं.
मुलगा उठतो. परीक्षा आहे त्याची, बँडची.
लोरीन दार उघडत नाही. मग उघडते.
तो दोन डब्यांमधल्या लोखंडाजवळ उभा राहतो,
खाली वाकतो, पुन्हा सरळ होतो.
पिकअपचं दार आपटतं.
वेंडेल शिव्या घालत येतो, नुसत्या शिव्या,
आणि मग एक तळवा डब्यावर ठेवतो,
तापलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
दुसऱ्या हाताने पेटी घेतो.
जा, म्हणतो. आता. वरून.

पलीकडे चाकांच्या मधून
आम्हाला फक्त बूट दिसतात, पळणारे.
पेटी वेंडेलच्या हातातच राहिलेली.
तो ती डोक्यावरून पलीकडे सोडतो,
आणि बूट परत येतात, पेटी उचलतात, जातात.

सव्वा आठला लांबून धक्का येतो,
डब्यामागून डबा, कडाड, कडाड,
आमच्या समोरून पुढे निघून जातो.
वेंडेल आपल्या तळव्याकडे बघत उभा.

फाटक वर गेलं.
पांढरी गाडी हलेना.
तिचा फाटकावर विश्वास नाही, किंवा रुळांवर,
किंवा आम्हा सगळ्यांवर.
आधी वेंडेलने हॉर्न दिला, मग लोरीनने,
मग मागच्या शाळेच्या बसने, शववाहिकेनेसुद्धा,
दोन्ही पक्षांचे स्टिकर लावलेल्या सगळ्यांनी.
या गावाचं इतकं एकमत
मी मतमोजणीच्या रात्री कधी ऐकलं नाही.

ओफेलियाने एक ओळ उसवली.
पस्तीस मिनिटं गेली तिची.
मशीन थांबेल माझ्यासाठी, ती म्हणाली.
थांबत नाही. पुढचा माणूस सव्वा बाराला असतो.
मी म्हटलं, थांबेल.