रेवती, तू सप्टेंबरात निघायच्या आधी

तू विचारलंस, काय काय न्यावं.
थांब, कूलरमध्ये पाणी सोडून येते,
मोटर कोरडीच फिरून राहिली.

हं. बॅगा दोन भर, पण मिसळून भर.
त्यांचे दोन शर्ट तुझ्या बॅगेत, तुझे दोन ड्रेस त्यांच्या.
एक हरवली तर दोघांचं थोडं थोडं जातं.
हे मला रोमच्या विमानतळावर कळलं,
मग चार दिवस यांचे टी-शर्ट घातले.

चप्पल नवी नको.
सीताबर्डीला दोन महिने फिरवलेली हवी.
खोली आतली चालते, बिनखिडकीची.
दिवस-रात्र कळत नाही, पण वाचलेल्या पैशात
आमचं परतीचं अर्धं विमानभाडं निघालं.
समुद्र बघायला आम्ही वर जायचो,
फुटाळ्याला जातो तसे, चालत, स्वेटर घेऊन.

आता घड्याळाचं नीट ऐक.
यांचं एचएमटी, कोराडीच्या पॉवर हाउसातल्या पहिल्या पगाराचं.
जहाजावर सगळ्यांनी काटे फिरवले, यांनी नाही.
"घरी किती वाजले ते कळत राहतं," म्हणाले,
"इथली वेळ हवी तर साडेतीन तास वजा कर."
इटलीत ते बरोबर होतं.
रात्रीतून जहाज ग्रीसला लागलं,
तिथे अडीचच वजा करायचे होते.
उशीवर चिठ्ठी होती, काटे एक तास पुढे करा म्हणून.
मी तिच्यात खारे दाणे बांधले.

कोर्फू नावाचं बेट.
एका दुकानात अंगठ्याएवढी संत्री,
साखरेत मुरलेली, सालासकट खायची.
हे त्या दुकानदाराला मराठीतूनच सांगून राहिले,
"बाप्पा, याला आमच्याकडे कोणी संत्रं म्हणणार नाही!"
तो मान हलवी, आणखी एक देई.
सहा खाल्ली यांनी.
पण आमचा तास तिथे गेला नाही.
तो सकाळपासून माझ्या पर्समध्येच होता, दाण्यांच्या पुडीला.

धक्क्यावर आलो तर जहाज नाही.
अकरा मजल्यांची इमारत, नाही.
एवढी मोठी वस्तू निघून गेली
आणि पाण्यावर ओरखडासुद्धा नाही.
आपण झिरो माइलच्या गावची माणसं,
समुद्राने कसं वागायचं असतं, आपल्याला काय ठाऊक.
शेजारच्या खोलीतल्या बाईंनी मागून सांगितलं,
तीनदा पुकारलं म्हणे सगळ्या मजल्यांवर,
बोर-कू-ते, बोर-कू-ते.

मी भांडले नाही.
म्हणजे, छत्तीस वर्षांचं साठलेलं होतं, तयारच होतं.
पण कंट्रोल रूममध्ये आयुष्यभर सेकंद न चुकलेला माणूस
घड्याळ काढून तळहातावर घेऊन उभा होता.
आणि चिठ्ठी तर माझ्याकडे होती.

एजंटकडे आमचे पासपोर्ट होते, पाकिटात.
खोलीतल्या तिजोरीतून काढून देऊन गेले होते.
बीपीच्या गोळ्या मात्र कोणी ठेवून जात नाही,
त्या अंगावर ठेव. आणि थोडे युरो, रोख.

रात्रीच्या फेरीबोटीने बारीला निघालो.
डेकचं तिकीट, एक शाल,
भोवती ट्रकवाले पसरलेले,
एक तर अगदी कामठीच्या भाऊजींसारखा घोरत होता.
यांनी लोखंडी जमिनीवर हात टेकला.
"खालचं एक मशीन बंद केलं बघ," म्हणाले,
आणि माझा हात धरून तिथेच टेकवला.
मला काही कळलं नाही. मी हो म्हटलं.
मग त्यांनी घड्याळाची चावी ओढली. "सांग, कितीचं लावू?"
मी बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं.
म्हटलं, राहू द्या आता,
सकाळी इटली येते.
तिथे तुमचंच बरोबर आहे.

आणि हो, लोणचं नेशील तर तेल निथळून ने.
यांच्या पांढऱ्या शर्टावर अजून डाग आहे.
हे म्हणतात, इटलीच्या आकाराचा.
काही नाही, साधा गोल आहे.