पावणेसहा

बसा बाई. पंखा खडखडतो, पण वारा देतो.
अर्ज नंतर. आधी हा कागद,
नव्या माणसाला आम्ही देतोच.
ओला कचरा रोज, सुका बुधवारी,
शुक्रवारी कुठलाच नाही, बाजार असतो, गाडी वळत नाही.
माड कापायचा तर परवानगी लागते,
तुमच्या कुंपणात उभा असला तरी.
नारळ तुमच्या गाडीवर पडला
तर तो विषय आमच्याकडे येत नाही.
विहिरीला जाळी हवी. डासांचा माणूस न सांगता येतो,
टाकीत टॉर्च मारून बघतो, रागावू नका.
मागच्या शेतात मातीचा ट्रक ओतू नका,
स्वस्तात देतो म्हणाला कुणी, तरी.
घरमालकाने तुमची माहिती पोलिसांत दिली ना?
दिली? म्हणजे मालक बरा आहे.

मी हे सगळं म्हणून होईपर्यंत
नूपुर खानझोडे, राहणार मूळच्या नागपूर,
अर्ज हातात धरून बसल्या होत्या.
काम घरून, अमेरिकेच्या घड्याळावर.
झोप तीनला. आणि रोज पावणेसहाला
पाववाल्याच्या सायकलचा भोंगा, पों पों,
गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
डोळ्यांखाली खरंच काळं होतं.

कलम त्यांनी बरोबर लिहिलं होतं.
रात्री दहा ते सकाळी सहा.
एकतीस वर्षांत ते मी लग्नाच्या बँडला लावलं,
किनाऱ्यावरच्या एका हॉटेलला लावून पाहिलं,
तिथे ते निसटतं.
सायकलच्या भोंग्याला पहिल्यांदाच.
आवक क्रमांक टाकला. शिक्का उलटा पडला,
पुन्हा मारला.

कायतानच्या बेकरीत भट्टीमागे शिडी,
शिडीवर माळा, माळ्यावर पाच पोरं, हावेरीकडची.
भोंगा यल्लप्पाचा. वय एकोणीस,
पापण्यांवर पीठ.
राहतोस कुठे? त्याने वर बोट केलं.
भाडं? पगारातून जातं.
कागद? तो हसला,
मग हसायचं नाही हे त्याच्या लक्षात आलं.

पिशवीत तोच कागद होता,
नव्या माणसाला आम्ही देतो तो.
मराठीत आहे, कोंकणीत आहे, इंग्रजीत आहे.
कन्नडमध्ये नाही.
मी मोठ्याने वाचला. माडाच्या ओळीवर
तो गंभीरपणे म्हणाला, साहेब, मी नाही कापला.

कायतान म्हणे, सही आत्ता देतो,
पण माळ्याचा घर नंबर काय लिहू?
रकाना रिकामा सोडता येत नाही.
फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
टाचणीभोवती गंजाचं वर्तुळ उमटलंय.
बाईंच्या अर्जावर मात्र कारवाई झाली,
ती होण्यासारखी होती.

मीही इथला नव्हे. बांद्याहून आलो, एका पत्र्याच्या ट्रंकेसह.
तेव्हा हा कागद नव्हता.
शेजारच्या पिएदादने सांगितलं होतं,
दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवायचं नाही,
आणि विहिरीवर मोठ्याने शिंकरायचं नाही.
दंड नव्हता. पाळलं.

काल पहाटे फिरायला निघालो.
गल्लीच्या तोंडाशी, खुरसाजवळ, यल्लप्पा.
सायकलवर बसलेला, एक पाय जमिनीवर.
टोपलीवर निळं प्लास्टिक, कडेने वाफ.
मुठीत भोंग्याचा रबरी गोळा,
दाबायचा नाही म्हणून नुसता धरलेला.
चर्चची घंटा झाली की निघायचं, म्हणाला.
किती वाजले साहेब?
पावणेसहा.

वर खानझोडे बाईंच्या खिडकीत दिवा होता.
झोपल्या नव्हत्या की उठल्या होत्या, कळलं नाही.

त्याने प्लास्टिक उचलून एक उंडो पुढे केला.
कर्मचाऱ्याने कुणाकडून काही घेऊ नये,
असंही एक कलम आहे.
मी घेतला. ऊन होता.
हातात गार होत गेला,
घंटा अजून व्हायची होती.