दोनशे बारा

फ्रीसलँडमध्ये, समुद्राहून खालच्या जमिनीवर,
पहाटे तीन चाळीसला
वित्स्केच्या गोठ्यातला यंत्राचा हात पुढे येतो,
लाल किरण टाकून आचळं शोधतो.
आचळं नाहीत. गाय नाही.
दोनशे बारा मंगळवारी ट्रकमधून गेली.

हात थांबतो. सात सेकंद.
मागे सरतो, परत येतो,
तिची कास असायची त्या उंचीवर,
उजवीकडे जरा खाली,
ती उभी राहायची तेवढाच तिरका होऊन.
अकरा रात्री झाल्या.
बाकीच्या गायी रवंथ करत बघतात.

योरिट आला, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून.
लॅपटॉप पेंडीच्या गोणीवर ठेवून म्हणाला,
फाटकाचा सेन्सर बिघडलाय,
आणि यादीतून नाव काढायचं राहिलंय. बस.
वित्स्के म्हणाली, बाबा गेल्यावर आईनेही
त्यांचा पेपर वर्षभर बंद केला नव्हता.
ते वेगळं, योरिट म्हणाला.
कसं वेगळं, हे सांगायला तोंड उघडलं
आणि कॉफी मागितली.

समज, ती म्हणाली, याला कळत असेल तर?
नऊ वर्षं उभा आहे. झोप नाही, सुट्टी नाही.
तो कपात बघत राहिला.
आमच्याकडे त्यावर समिती आहे, म्हणाला,
दोघं जण.
त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर.

दोनशे बाराबद्दल मात्र
कधी कुणाला शंका नव्हती.
तिला कळायचं.
त्या सकाळी ट्रक आवारात वळला
तेव्हा तिने पान्हा चोरला,
दोन लिटरवर धार तुटली.
ते यंत्रानेच नोंदवलं, आणि पुढच्या रकान्यात:
कारण अज्ञात.
वित्स्केने वाचलं होतं.
खाली सही केली होती, रोजच्यासारखी.

कळतं, एवढ्यावर
कोण सुटलंय इथून?

काढू नाव? योरिटने विचारलं.
बिल किती होईल, तिने विचारलं.
मग म्हणाली, आजची रात्र राहू दे.

तीन चाळीसला ती गोठ्याच्या दारात होती,
नवऱ्याचा जुना कोट अंगावर,
पाय गारठलेले.
हात पुढे आला. थांबला.
तिने दिवा लावला नाही.
आपण त्याला दिसू, असं वाटलं.